वननोट: पान कुठे संपतं आणि सेक्शन कुठे सुरू होतो?

शेवग्याची_शेंग

अभ्यासिकेत आमच्या टेबलावर सध्या पूर्वपरीक्षेच्या कटऑफपेक्षा जास्त वाद या विषयावर होतात, म्हणून धागा काढतेय.

मी आणि माझी रूममेट, दोघीही राज्यसेवेच्या नोट्स वननोटमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या नोट्सच्या अॅपमध्ये ठेवतो. ज्यांनी ते वापरलं नाही त्यांच्यासाठी: सगळ्यात वर वही, म्हणजे नोटबुक. वहीत रंगीत टॅबवाले सेक्शन. सेक्शनमध्ये पानं, आणि पानाखाली आत सरकवून ठेवायची उपपानं, तीही दोन पातळ्यांपर्यंत. सेक्शन फार झाले तर त्यांचा सेक्शन ग्रुप करायचीही सोय आहे. एवढं सगळं हाताशी दिल्यावर माणूस डोकं खाजवत बसणारच.

वाद पेटला तो पंचायत राजवरून. तिच्याकडे 'पंचायत राज' हा अख्खा सेक्शन आहे आणि त्यात प्रत्येक समितीचं वेगळं पान: बलवंतराय मेहता १९५७, वसंतराव नाईक १९६०, बोंगिरवार १९७०, अशोक मेहता १९७७, बाबुराव काळे १९८०, पी. बी. पाटील १९८४. शिवाय ग्रामसभा, सरपंच, पंचायत समिती, जिल्हा परिषद, ७३वी घटनादुरुस्ती. काही पानांवर जेमतेम चार ओळी. माझ्याकडे 'राज्यव्यवस्था' हा सेक्शन, आणि 'पंचायत राज' हे त्यातलं एक पान. बाकी सगळं त्याच पानावर मथळे पाडून. तिचं म्हणणं, तुझं पान खाली सरकवता सरकवता परीक्षा येईल. माझं म्हणणं, तुझी पानं उघडता-मिटता निकाल लागेल.

तर जाणकारांनो, पान कशाचं करायचं, सेक्शन कशाचा करायचा आणि नुसता मथळा देऊन कशाचं भागवायचं, हे ठरवायची तुमची कसोटी काय? 'ज्याला जे सोयीचं वाटेल ते' हे उत्तर आम्हाला अभ्यासिकेच्या चहावाल्यानेही दिलंय. पंचायत राजचं सांगा.

गावठी_लिंबू

सर्च नावाची गोष्ट आहे हो. कंट्रोल-ई दाबा, 'बोंगिरवार' टाइप करा, समोर हजर. कुठल्या सेक्शनात ठेवलंय याचा विचार २०२५ नंतरच्या माणसाने का करावा? माझा एकच सेक्शन आहे, नाव 'सगळं'. त्यात पानंच पानं. सुखी आहे.

शेवग्याची_शेंग

@गावठी_लिंबू, बोंगिरवार सापडतात, कारण त्यांचं नाव एकाच पद्धतीने लिहिलं जातं. आता 'पंचायत राज' शोधा. मी कुठे 'पंचायती राज' लिहिलंय, कुठे 'पंचायतराज' जोडून, क्लासच्या पीडीएफमधून चिकटवलेल्या भागात 'पं. राज'. लोकसभेच्या जागी घाईत 'लोस'. मराठीत सर्च म्हणजे ह्रस्व-दीर्घाची परीक्षा. दुसरं असं की सर्च केव्हा चालतो? काय शोधायचं ते आठवत असेल तेव्हा. उजळणीला बसल्यावर मला काय आठवत नाही हेच तर बघायचं असतं ना!

गावठी_लिंबू

हे मान्य. तरी 'सगळं' बदलणार नाही.

कोडगा

मी अभ्यासक नाही, सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे आधी यंत्राच्या बाजूने बघू. पुष्कळसा गोंधळ तिथेच सुटतो.

वननोटचा सेक्शन म्हणजे प्रत्यक्षात एक फाईल. 'डॉट वन' शेपटीची. वही म्हणजे अशा फाईलींचं फोल्डर. पान ही वेगळी फाईल नसते, ते सेक्शनच्या फाईलच्या पोटात असतं. उपपान तर नुसतं आत सरकवलेलं पान आहे, त्याला स्वतःचं असं वेगळं घर नाही. या एका गोष्टीवरून बाकी सगळं ठरतं.

पासवर्ड लावायचा तर सेक्शनला लागतो, एकट्या पानाला नाही. विंडोजच्या डेस्कटॉप आवृत्तीत 'या सेक्शनमधलं प्रत्येक नवं पान अमुक टेम्पलेटवर उघड' असं सांगता येतं, तेही सेक्शनपुरतं. वर्ष संपलं आणि जुनं सामान दुसऱ्या वहीत हलवायचं, तर सेक्शन एका झटक्यात हलतो. याउलट लिंक द्यायची ती साधारण पानाची. जुन्या आवृत्त्या बघायच्या त्या पानाच्या. सर्चमध्ये जी यादी येते तीही पानांच्या नावांची. म्हणून नाव देताना कंटाळा करू नका. 'नवीन', 'नवीन २', 'महत्त्वाचं' अशी पानं ठेवणाऱ्यांना सर्च तरी काय मदत करणार?

मथळ्याचं काय? एखाद्या परिच्छेदाची लिंकही कॉपी करता येते. पण वर्डमध्ये डाव्या बाजूला मथळ्यांची यादी दिसते तशी वननोटमध्ये दिसत नाही. पान वाढलं की आतले मथळे बुडतात. तुमच्या रूममेटची स्क्रोलची तक्रार इथे रास्त आहे.

आता माझी कसोटी. जे एकगठ्ठा बंद करायचं, कुलूपबंद करायचं, हलवायचं किंवा एकाच साच्यात लिहायचं, तो सेक्शन. जिथे बाहेरून, दुसऱ्या नोंदीतून थेट यावं लागतं, ते पान. जे शेजारच्या मजकुराशिवाय वाचण्यात अर्थच नाही, तो मथळा. विषय मोठा की छोटा, याचा यात काही संबंध नाही. चार ओळींचं पान असू शकतं आणि चाळीस ओळींचा मथळा.

तुमच्या समित्यांबद्दल मला कळत नाही, पण एक विचारतो: बोंगिरवार समिती तुम्ही कधी एकटी वाचता का?

शेवग्याची_शेंग

नाही! हाच मुद्दा आहे. प्रश्न नेहमी 'खालीलपैकी कोणत्या समितीने...' असाच येतो. नाईक आणि बोंगिरवार शेजारी शेजारी दिसले तरच फरक लक्षात राहतो. अशोक मेहतांनी पंचायतीची रचना द्विस्तरीय सुचवली, बलवंतराय मेहतांनी त्रिस्तरीय, हे दोन वेगळ्या पानांवर असेल तर डोक्यात एकाचं दुसऱ्यात मिसळतंच.

जुना_कारकून

धागा वाचून बरं वाटलं. आमची हयात जिल्हा परिषदेत कागद लावण्यात गेली, त्यामुळे दोन शब्द.

तुम्ही मुलं प्रशासनाच्या नोट्समध्ये 'लखिना पॅटर्न' वाचला असेलच. १९८० च्या दशकात अहमदनगरला जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिना यांनी कचेरीतल्या कामाची जी घडी बसवली, तिला लोक त्यांच्या नावाने ओळखू लागले. आता जिल्ह्याचं नावही अहिल्यानगर झालं. सहा गठ्ठे पद्धत म्हणतात ती तुम्हाला इथे उपयोगी पडेल. टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे: निपटाऱ्यासाठी प्रलंबित प्रकरणं, प्रतीक्षाधीन प्रकरणं, नियतकालिकं, स्थायी आदेशांच्या संचिका, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणं आणि शेवटी नष्ट करायचे 'ड' वर्गाचे कागद.

यात एक गोष्ट बघा. एकाही गठ्ठ्यावर विषयाचं नाव नाही. पाणीपुरवठ्याचा गठ्ठा नाही, शिक्षणाचा नाही. त्या कागदाचं पुढे काय करायचं आहे, त्यावर गठ्ठा ठरतो. विषय हा नस्तीवर, म्हणजे फाईलवर लिहिलेला असतो. म्हणजे कोडगा यांनी सेक्शनबद्दल जे सांगितलं तेच.

आणि नस्तीच्या आतही दोन बाजू असतात, टिप्पणी आणि पत्रव्यवहार. पत्रव्यवहाराच्या पानांना क्रमांक टाकलेले असतात, टिप्पणीत 'पृष्ठ अमुक पाहावे' असं लिहून वर पाठवायचं. क्रमांक न टाकता नस्ती वर गेली की ती तशीच खाली यायची, शेऱ्यासकट. ज्याचा हवाला टिप्पणीत द्यायचा त्याला स्वतःचं पान, एवढा साधा हिशोब होता. तुमच्या 'लिंक'चं आमच्या काळातलं रूप.

अवांतर: वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरूनच १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम आला आणि १ मे १९६२ पासून आमची कचेरी अस्तित्वात आली. तिला चार ओळींचं पान दिल्याबद्दल त्या मुलीला माझा निषेध कळवा.

शेवग्याची_शेंग

काका, निषेध कळवला. ती म्हणते चार नाही, सहा ओळी आहेत.

मार्कडाऊन_मावशी

तुमचा अर्धा वाद वननोटने लावून दिलेला आहे. मी ऑब्सिडियन या नोट्सच्याच दुसऱ्या अॅपवर आहे. तिथे सेक्शन नाहीच. फोल्डर आणि फाईल. फाईलमधल्या कुठल्याही मथळ्याची लिंक देता येते, त्यामुळे मथळ्यालाही पत्ता असतो, आणि बाजूला मथळ्यांची यादीही दिसते. नोशनमध्ये तर कुठलंही पान दुसऱ्या पानाच्या पोटात जातं, मग सेक्शन ही भानगडच उरत नाही. गूगल डॉक्समध्येही २०२४ च्या शेवटी टॅब आले. दर ठिकाणी रेषा वेगळ्या जागी आहे. तेव्हा 'पान म्हणजे काय' याला सगळीकडे लागू पडणारं उत्तर शोधू नका, तुमच्या साधनात कशाला पत्ता आहे ते बघा.

मी स्वतः फोल्डर अगदी मोजके ठेवते आणि फाईली भरपूर. माझ्याकडे समित्या एका फाईलमध्ये असत्या, प्रत्येकीला मथळा.

कोडगा

@मार्कडाऊन_मावशी, पत्त्याचा मुद्दा पटला. पण फोल्डर आलंच की! एकगठ्ठा हलवायचं, बॅकअप घ्यायचं, कुणाला द्यायचं म्हटलं की तुम्हीही फोल्डरलाच हात घालणार. नाव बदललं, काम तेच.

टवाळ_पोरगं

मी सगळं व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवतो. पान नाही, सेक्शन नाही, शांती आहे. परीक्षाही पास झालेलो नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

कायमचा_भावी_तहसीलदार

शांतपणे वाचत होतो, पण आता राहवत नाही. कोडगा यांच्या कसोटीत एक भोक आहे आणि ते एमपीएससीवाल्यांना जास्त बोचतं. 'जे एकगठ्ठा हलतं तो सेक्शन' ठीक. पण काय एकगठ्ठा हलणार आहे हे आधी माहीत असतं का?

आमच्या बॅचच्या बहुतेक सगळ्यांच्या नोट्स पेपरवार होत्या. जुन्या राज्यसेवा मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाचे चार पेपर, प्रत्येकी १५० गुणांचे, बहुपर्यायी. पहिला इतिहास, भूगोल, कृषी. दुसरा राज्यघटना, राजकारण आणि कायदे. तिसरा मानव संसाधन विकास व मानवी हक्क. चौथा अर्थव्यवस्था, नियोजन, विज्ञान-तंत्रज्ञान. मग लोकांचे सेक्शन काय? 'जीएस १', 'जीएस २', 'जीएस ३', 'जीएस ४'. स्वाभाविकच आहे, क्लासच्या बॅचही तशाच असायच्या.

नंतर आयोगाने वर्णनात्मक पॅटर्न आणला. २०२३ मध्ये पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली, तेव्हा तो २०२५ पासून लागू करायचं ठरलं. आता एकूण नऊ पेपर. दोन भाषांचे पात्रतेपुरते, बाकीच्या सातांचे मिळून १७५० गुण. सामान्य अध्ययनाचे चार आहेतच, पण प्रत्येकी २५० चे, आणि त्यांच्या पोटात वेगळंच सामान. चौथा पेपर आता नीतिशास्त्राचा! जुना तिसरा पेपर, मानव संसाधनाचा, पेपर म्हणून उरलाच नाही. त्यातलं शिक्षण-आरोग्य सामाजिक न्यायाबरोबर दुसऱ्यात गेलं, रोजगार अर्थव्यवस्थेबरोबर तिसऱ्यात. कृषीचा मोठा भाग पहिल्यातून उठून तिसऱ्यात.

अशा वेळी कुणाच्या नोट्स टिकल्या? ज्यांची पानं नीट होती त्यांच्या. 'प्राथमिक आरोग्य केंद्र', 'किमान आधारभूत किंमत', 'राष्ट्रीय मानवी हक्क आयोग' अशी स्वतःच्या पायावर उभी असलेली पानं उचलली, दुसऱ्या सेक्शनात टाकली, संध्याकाळपर्यंत काम संपलं. आणि ज्यांच्याकडे 'मानव संसाधन: भाग १', 'भाग २' अशी लांबलचक पानं होती, त्यांना प्रत्येक पान फोडावं लागलं. आमच्या खोलीवरच्या एका मित्राने शेवटी प्रिंट काढून कात्रीने कापले. खरंच कापले.

म्हणून माझं म्हणणं: पेपर क्रमांक, आयोगाचा मुद्दा क्रमांक, क्लासच्या व्याख्यानाचा क्रमांक, ही दुसऱ्याने दिलेली आणि दुसऱ्याच्या मर्जीने बदलणारी नावं आहेत. सेक्शनला खुशाल द्या, उद्या बदलता येतात. पानाला मात्र चुकूनही देऊ नका. पान हे असं असावं की ते कुठल्या सेक्शनात पडलंय हे न बघता वाचलं तरी कळावं. 'वरीलप्रमाणेच' किंवा 'मागील पानावरून पुढे' असं पानाच्या सुरुवातीला आलं की समजा ते पान नव्हेच, मागच्या पानाचा तुटलेला मथळा आहे.

शेवग्याची_शेंग

दादा, हा प्रतिसाद प्रिंट काढून अभ्यासिकेच्या नोटीस बोर्डावर लावतेय.

कोडगा

@कायमचा_भावी_तहसीलदार, भोक मान्य. माझ्या डोक्यात हे उलट होतं: सेक्शन पक्के, पानं येतात-जातात. तुमच्या उदाहरणात पानं पक्की आणि सेक्शन तात्पुरते. विचार केला तर आमच्याकडेही तेच होतं. प्रोजेक्टचं नाव दर सहा महिन्यांनी बदलतं, 'सर्व्हरचं प्रमाणपत्र नूतनीकरण' हे पान मात्र तेच राहतं.

डॅलसकर

थोडं वेगळं उदाहरण, चालत असेल तर. आईबाबा नाशिकला, भाऊ पुण्यात, मी इथे डॅलसमध्ये. औषधं, रिपोर्ट, विम्याचे कागद वननोटमध्ये ठेवायचे होते. मी माझ्याच वहीत 'आई' आणि 'बाबा' असे दोन सेक्शन केले आणि भावाला फक्त तेवढेच उघडून द्यायला गेलो, तर तसं होत नाही. दोघांनी मिळून लिहायचं तर वाटली जाते ती अख्खी वही. एका पानाची प्रत पाठवता येते, पण ती प्रतच. भावाने तिच्यात केलेला बदल माझ्याकडे येत नाही. शेवटी आईबाबांची वेगळी वही केली.

त्यात मग सेक्शन कशाचे? आधी डॉक्टरांप्रमाणे करणार होतो. पण दवाखान्यात भावाला काय लागतं? 'सध्या चालू असलेल्या गोळ्या' हे एक पान, तेही मोबाइलवर, दारात उभ्या उभ्या. म्हणून ते पान अगदी वर. त्यावर गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, सकाळी-रात्री, जेवणाआधी की नंतर, कुणी दिली, आणि कधीपासून. बंद झालेली गोळी खोडायची नाही, खाली 'बंद' मथळ्याखाली कारणासकट हलवायची. नवा डॉक्टर हमखास विचारतो, 'हे आधी घेऊन बघितलंय का?' या दोन यादींची दोन पानं केली असती तर दुसरं पान कुणी उघडलंच नसतं.

आणि पासवर्डचं: बँकेच्या कागदांचा सेक्शन कुलूपबंद केलाय. दोन गोष्टी लक्षात ठेवा. कुलूप असताना सर्च त्या सेक्शनात डोकावत नाही, त्यामुळे 'सापडत नाही' म्हणून घाबरू नका. आणि पासवर्ड विसरलात तर मायक्रोसॉफ्टही तो काढून देऊ शकत नाही. तो पासवर्ड आमच्याकडे आईच्या देवघरातल्या डायरीत आहे. डिजिटल, डिजिटल म्हणतात ते हेच.

जुना_कारकून

'सध्या चालू' आणि 'बंद' एकाच पानावर ठेवण्याची कल्पना नामी आहे. आमच्या डॉक्टरांना दाखवतो.

गावठी_लिंबू

@डॅलसकर, बंद गोळ्यांची कल्पना चोरली. माझ्या 'सगळं' सेक्शनशेजारी आजपासून दुसरा सेक्शन: 'घरचं'. म्हणजे आता दोन झाले. बघा काय वेळ आली.

शेवग्याची_शेंग

दोघींनी बसून पंचायत राज नव्याने लावलं. कुणाला उपयोगी पडेल म्हणून तपशिलात देते.

समित्या: एकच पान, एक तक्ता. रकाने असे: समिती, वर्ष, केंद्राची की राज्याची, किती स्तर, सगळ्यात महत्त्वाची शिफारस, पुढे काय झालं. सहाच्या सहा एका स्क्रीनवर दिसतात. नाईक समितीच्या 'पुढे काय झालं' रकान्यात १९६१ चा कायदा आणि १ मे १९६२, काकांच्या निषेधाला मान देऊन ठळक अक्षरात.

७३वी घटनादुरुस्ती: स्वतंत्र पान. कारण तिथे आम्ही निदान तीन वाटांनी येतो. 'घटनादुरुस्त्या' या पानावरून, 'महिला आरक्षण' या पानावरून आणि पंचायत राजमधून. त्या पानावर भाग नऊ, कलम २४३ पासूनची कलमं, अकराव्या अनुसूचीतले २९ विषय, २४ एप्रिल १९९३ पासून अंमल. अकरावी अनुसूची वेगळी करू या असा तिचा आग्रह होता. पण ती या दुरुस्तीशिवाय कधी वाचायची वेळ येत नाही, म्हणून मथळाच राहिली. ७४वी मात्र शेजारचं वेगळं पान, नागरी स्थानिक संस्थांकडून येणाऱ्या लिंकसाठी. बारावी अनुसूची आणि तिचे १८ विषय तिच्यात.

पेसा १९९६, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा कायदा: यावर फार भांडलो. ती म्हणते पंचायत राजचा मथळा, मी म्हणते पान. आदिवासी विकासाच्या नोट्समधून थेट इथे यावं लागतं, पाचव्या अनुसूचीतूनही यावं लागतं, त्यामुळे पान झालं. ती हरली म्हणायला तयार नाही, 'कोडगा यांच्या नियमाने झालं' म्हणते.

महिला आरक्षण: हे पान आमच्या दोघींकडेही नव्हतंच! पंचायतींत एक तृतीयांश, महाराष्ट्रात २०११ पासून ५० टक्के, आणि लोकसभा-विधानसभेसाठी २०२३ ची १०६वी दुरुस्ती. हे सगळं तीन ठिकाणी विखुरलेलं होतं. एका पानावर आलं तेव्हा वर्णनात्मक उत्तराचा सांगाडाच समोर दिसला.

ग्रामसभा, सरपंच, सभापती, मुख्य कार्यकारी अधिकारी: ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद अशी तीन पानं, आणि तिन्हींत मथळे अगदी त्याच क्रमाने. रचना, निवड, कार्यकाळ, अविश्वास ठराव, उत्पन्न, सचिव कोण. क्रम सारखा असल्यामुळे कुठे काय शोधायचं ते डोळ्यांना माहीत होतं.

आणि 'पंचायत राज' हा वेगळा सेक्शन राहिला नाही. ही सगळी पानं 'राज्यव्यवस्था' सेक्शनातच आहेत, 'पंचायत राज' या लहानशा पानाखाली आत सरकवलेली. त्या पानावर फक्त लिंक आणि मागच्या वर्षांचे प्रश्न. म्हणजे माझा सेक्शन जिंकला आणि तिची पानं जिंकली. चहा निम्मा निम्मा.

आता उरलेला प्रश्न: चालू घडामोडी. रोजचं एक पान, महिन्याचा एक सेक्शन, असं आहे सध्या. ढीग झालाय.

मार्कडाऊन_मावशी

तारखेचं पान हे फक्त येणाऱ्या कागदाची पेटी समजा. त्यावर बातमी एका ओळीत, आणि पुढे विषयाच्या पानाची लिंक. मजकूर विषयाच्या पानावर. वननोटच्या डेस्कटॉप आवृत्तीत दुहेरी चौकोनी कंसात पानाचं नाव लिहिलं की लिंक होते. त्या नावाचं पान नसेल तर नवं तयार होतं. ऑब्सिडियनमध्येही तेच, पण ते असो.

कायमचा_भावी_तहसीलदार

मावशींशी सहमत, फक्त एक भर. लिंक न मिळालेल्या बातम्यांचं काय करायचं ते आधी ठरवा. अमुक निर्देशांकात भारताचा क्रमांक, अमुक पुरस्कार, अमुक युद्धसराव. यांना विषयाचं पान नसतं आणि होऊही देऊ नये. नाहीतर प्रत्येक युद्धसरावाचं एकेक पान करून परत पहिल्या दिवसाच्या जागी याल. त्यांचे तक्ते: 'निर्देशांक' एक पान, 'पुरस्कार' एक पान, 'युद्धसराव' एक पान, आणि दर बातमीला एक ओळ. पूर्वपरीक्षेत जोड्या लावा येतं तेव्हा तक्ताच कामाला येतो.

महिन्याचा सेक्शन मात्र ठेवा. कारण तोच पुढे एकगठ्ठा बाजूला जाणार आहे. परीक्षा झाली की त्या वर्षाचे सगळे महिने 'जुनं' नावाच्या वहीत हलवा. लगेच पुसू नका. पुसलंत तरी वहीच्या रिसायकल बिनमध्ये ६० दिवस असतं, पण मुलाखतीपर्यंतचा काळ त्याहून मोठा असतो.

जुना_कारकून

म्हणजे पाचवा गठ्ठा.

शेवग्याची_शेंग

काका :) 'जुनं' वहीचं नाव 'अभिलेख कक्ष' ठेवलं.

दादा, युद्धसरावाच्या तक्त्यात रकाने कोणते ठेवलेत? नाव, देश, दल, ठिकाण एवढे पुरतात की वर्षही लागतं? रूममेट म्हणते वर्षाचा वेगळा तक्ता. मी अजून काही बोललेली नाही.

कायमचा_भावी_तहसीलदार

वर्ष रकान्यातच. वेगळा तक्ता नको. तोच सराव पुढच्या वर्षी दुसऱ्या देशात होतो, तेव्हा जुनी ओळ शेजारीच दिसली पाहिजे. आणि सरावाचं नाव एकाच शुद्धलेखनाने लिहा, आकडे मराठी की इंग्रजी तेही एकदाच ठरवा, म्हणजे लिंबू साहेबांचा सर्चही चालेल.